अळंबी वाळवायला यंत्र नको, कोरडी हवा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कृषी पुरवणीत अळंबीच्या घरगुती लागवडीवर आलेला लेख आमच्या बचत गटातल्या बायकांनी मिळून वाचला. पेंढा निर्जंतुक कसा करावा, पिशव्या कशा भराव्यात, हे त्यात फार सोपे करून सांगितले आहे. पण उरलेला माल वाळवायचा तर विजेवरचा ड्रायर घ्यावाच लागेल, अशा अर्थाचे जे शेवटी लिहिले आहे ते मला अजिबात पटलेले नाही. ते वाचून गटातल्या दोघींनी यंदा पिशव्या भरायचा बेतच सोडून दिला. ड्रायरला पैसे आणायचे कुठून, आणि ड्रायर नाही तर उरलेल्या मालाचे करायचे काय, असा त्यांचा सवाल. तो रास्तच आहे. पण ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुरडया, सांडगे, पापड वाळत आले, त्या घराला दोन-चार किलो धिंगरी, म्हणजे शिंपल्याच्या आकाराची ऑयस्टर अळंबी, वाळवायला यंत्र लागते, हे मी मान्य करणार नाही.

आम्ही भोर तालुक्याच्या पश्चिमेला, भाताच्या पट्ट्यात राहतो. दिवाळीच्या आगेमागे भात झोडून झाले की खळ्यावर पेंढा पडतो आणि त्याच पेंढ्यावर आम्ही धिंगरी घेतो. बियाणे पेरल्यावर पंधरा-वीस दिवसांत पिशवी आतून पांढरीफटक होते, मग कोंब फुटतात, आणि तिथून पुढे सगळे भराभर होते. एक किलो कोरड्या पेंढ्यावर अर्धा ते एक किलो ताजी अळंबी मिळते. अडचण एवढीच, की एकाच दिवशी भरलेल्या पिशव्या एकाच दिवशी फुटतात. काल काही नाही आणि आज टोपलीभर, असे होते. गावात खपून खपून किती खपणार? पुण्याला पाठवावी तर भाडे अंगावर येते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर दुसऱ्या दिवशी घाम सुटून चिकट होते. अशा वेळी बायका पडेल भावाने विकतात नाही तर गुरांपुढे टाकतात. हे मला बघवत नाही.

धिंगरीला वाढायला वीस ते अठ्ठावीस अंशांची हवा मानवते. आमच्याकडे ती मिळते कार्तिकापासून माघापर्यंत. नेमक्या त्याच महिन्यांत आभाळ निरभ्र असते आणि दुपारची हवा इतकी कोरडी, की ओठ फुटतात आणि टाचांना भेगा पडतात. तीच हवा अळंबीतले पाणीही ओढून घेते. म्हणजे ज्या हंगामात पीक येते, त्याच हंगामात ते वाळवायची सोय अंगणात असते. लेखात नेमके हेच राहून गेले.

आता आम्ही काय करतो ते सविस्तर सांगते.

काढणी सकाळी, पिशव्यांवर पाणी मारायच्या आधी करायची. टोपीच्या कडा वर वळायला लागायच्या आत झुबका बुडापासून पिळून काढायचा. फार पसरलेली अळंबी पातळ पडते आणि वाळल्यावर तिचा चुरा होतो. काढलेली अळंबी धुवायची नाही. ती पाणी शोषून घेते आणि मग वाळायचा वेळ वाढतो. पेंढ्याची कुसे मऊ फडक्याने झटकली की पुरे. झुबक्याच्या बुडाचा चिवट भाग कापून टाकायचा आणि पाकळ्या सुट्या करायच्या. मोठ्या पाकळ्या हाताने उभ्या फाडायच्या, साधारण दोन बोटे रुंद. सुरी लागत नाही, ती आपल्या रेषेत आपोआप फाटते.

अंगणात बाज टाकायची आणि तिच्यावर जुने धुवट सुती धोतर अंथरायचे. बऱ्याच जणी सवयीने ताडपत्री किंवा प्लास्टिकचा कागद घेतात, तो इथे नको. कुरडईला चालतो, कारण कुरडई शिजलेल्या चिकाची असते आणि कापडाला चिकटते. अळंबी चिकटत नाही, पण तिच्या पोटात पाणी फार. खाली प्लास्टिक असले की ते पाणी तिथेच धरते आणि पाकळी खालून पिवळी पडून वास मारते. बाजेच्या विणीतून, धोतरातून, खालूनही वारा लागला पाहिजे. पाकळ्या एकमेकींना न टेकवता पसरायच्या, वरून मच्छरदाणीचे कापड ताणून बांधायचे म्हणजे माशी बसत नाही. मुंग्यांचा त्रास असेल तर बाजेच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या.

पसरताना टोपीखालच्या झालरी वर, उन्हाकडे करायच्या. याला दोन कारणे आहेत. झालरींतून ओल लवकर सुटते. दुसरे असे, की अळंबीत एर्गोस्टेरॉल नावाचा एक पदार्थ असतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचे ड जीवनसत्त्व बनते. बंद खोलीत वाढलेल्या ताज्या अळंबीत ते जवळजवळ नसते. यंत्राच्या बंद पेटीतही ते तयार होत नाही, ऊनच लागते. दूधदुभते, मासे, अंडी यांतले काहीच न खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी ही गोष्ट लहान नाही.

दुपारी तीनच्या सुमारास पाहिले तर पाकळ्यांच्या कडा आत वळलेल्या असतात, पांढरा रंग जाऊन दुधाळ पिवळसर झालेला असतो आणि पसारा निम्म्यावर आलेला असतो. नवख्या बाईला वाटते, झाले. पण पाकळी हातात घेऊन वाकवली तर ती नुसती लवते, मोडत नाही. ही अवस्था फसवी आहे. इथे डब्यात भरली तर आठवड्यात बुरा चढणार. पाकळ्या उलटायच्या आणि ऊन कलायच्या आत सगळे घरात आणायचे. सूर्य मावळल्यावर आमच्याकडे दव पडते आणि दिवसभराचे वाळवण रात्रीत ओलसर होते. घरात आणून झाकून मात्र ठेवायचे नाही, सुपात पसरून माळ्यावर किंवा पंख्याखाली ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बाज. स्वच्छ ऊन असेल तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पातळ पाकळ्या कडकडीत होतात. जाड देठांना आणखी एक दिवस लागतो, म्हणून माझ्या सासूबाई देठ आधीच वेगळे वाळवायला लावतात आणि ते बरोबर आहे. वाळवण झाले की नाही हे त्या सुपात पाखडून ठरवतात. ओल असेल तर आवाज बोदा येतो, वाळली असेल तर सूप खडखडते. त्यांचा कान मला अजून आलेला नाही, म्हणून मी देठाजवळचा सगळ्यात जाड तुकडा घेऊन मोडून बघते. कट्‌कन मोडला पाहिजे आणि मोडलेल्या जागी आतला रंग सारखा दिसला पाहिजे.

ज्यांच्याकडे वजनकाटा आहे त्यांना याहून पक्की खूण आहे. ताज्या अळंबीत शंभरातले नव्वद भाग पाणी असते. म्हणजे एक किलो अळंबी पुरती वाळली की शंभर-एकशेदहा ग्रॅम भरली पाहिजे. दीडशे ग्रॅम भरली तर तिच्यात अजून पन्नास ग्रॅम पाणी आहे, ती परत उन्हात गेलीच पाहिजे. आमच्या गटात प्रत्येकीच्या ढिगाचे वजन आधी आणि नंतर लिहून ठेवतो. वादाला जागा राहत नाही.

वाळवायचे म्हणजे तापवायचे, हा समज फार पसरला आहे, म्हणून त्याबद्दल थोडे लिहिते. यंत्रसुद्धा अळंबी पंचेचाळीस ते साठ अंशांवर, हवा खेळती ठेवून वाळवते. त्याहून जास्त आच लागली तर ती वाळत नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजते. काळपट होते, चिकट होते. कधी वरची साल आधी कडक होऊन बसते आणि आतली ओल आतच कोंडते. अशी अळंबी बाहेरून खणखणीत दिसते आणि बरणीत गेल्यावर खराब होते. पत्र्याच्या तापलेल्या छपरावर पाकळ्या थेट पसरू नयेत ते याचसाठी. पत्र्यावर बाज ठेवा, बाजेवर धोतर.

आता शहरातल्या वाचकांसाठी. माझ्या जाऊबाई डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतात. गॅलरीत ऊन जेमतेम तासभर, त्यात खाडीची दमट हवा. त्यांना आमची पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. त्या पाकळ्या करंगळीएवढ्या बारीक फाडतात, पिठाच्या मोठ्या चाळणीत एकेरी पसरतात, चाळण दोन डब्यांवर अधांतरी ठेवतात आणि रात्रभर छताचा पंखा लावतात. सकाळी अळंबी अर्धी वाळलेली असते. उरलेले काम पोळ्या झाल्यावरच्या तव्यावर. गॅस बंद करायचा, तव्यावर लोखंडी कडे ठेवायचे आणि कड्यावर चाळण. तवा निवेपर्यंत ती मंद, कोरडी ऊब मिळते. दोन्ही वेळच्या स्वयंपाकानंतर असे केले की दोन-तीन दिवसांत तुकडे मोडायला लागतात. घरात केकची भट्टी असेल तर सर्वांत कमी आचेवर, दार बोटभर उघडे ठेवून. दार लावून घेतले तर वाफ आतच फिरते.

सुई-दोरा हेही साधन कमी नाही. हिमाचल आणि काश्मीरमध्ये जंगलातली गुच्छी, जी देशातल्या सर्वांत महाग अळंब्यांपैकी आहे, ती डोंगरातले लोक दोऱ्यात ओवून माळा करून टांगतात आणि वाळवतात. एवढा मोलाचा माल दोऱ्यावर वाळतो तर आपली धिंगरी का नाही वाळणार? जाड दोऱ्यात पाकळ्या देठाकडून ओवायच्या, दोन पाकळ्यांत बोटभर अंतर ठेवायचे आणि माळ खिडकीच्या गजांना, वारा येतो तिथे बांधायची. आमच्या गटातल्या एकीचा मुलगा टेम्पो चालवतो. उन्हात उभ्या टेम्पोच्या पुढच्या काचेमागे ती सूप ठेवते, खिडक्या बोटभर उघड्या ठेवून. अर्धवट वाळलेला माल तिथे दुपारपर्यंत कडक होतो.

पावसाळ्यात मात्र हा खटाटोप करू नये. आमच्या घाटमाथ्यालगतच्या गावांत आषाढ-श्रावणात अंगावरचे कपडे वाळत नाहीत, अळंबी काय वाळणार. चुलीवरच्या बांबूच्या मांडणीवर ठेवली तर वाळते, पण धुराचा वास धरते. रश्शात तो चालतो, इतर कशात चालत नाही. पावसाळी माल जास्त आला तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटे बुचकळून, गार करून, निथळून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा.

बटण अळंबीबद्दलही विचारणा होते. ती वाळते, पण धिंगरीइतकी चांगली नाही. चिरल्याबरोबर तपकिरी पडते आणि भिजवल्यावर थोडी चिवट राहते. तिचे पातळ काप करून वाळवावे आणि सरळ पूड करावी.

साठवण ही वाळवणाइतकीच महत्त्वाची. कडक वाळलेली अळंबी हवेतली ओल पटकन ओढते. म्हणून ती उन्हातून काढून निवली की लगेच काचेच्या बरणीत भरायची, गळ्यापर्यंत, आणि झाकण घट्ट. एक मोठी बरणी करण्यापेक्षा चार लहान बरण्या, कारण मृगानंतर दर वेळी झाकण उघडले की ओल आत शिरते. पहिले दोन-तीन दिवस बरणी रोज सकाळी पाहायची. काच आतून धूसर दिसली किंवा तुकडे लवायला लागले तर माल परत उन्हात. भाजून निवलेल्या तांदळाची पुरचुंडी तळाशी ठेवतो, तिने थोडी मदत होते. एवढे करूनही कुठे बुरा दिसला, कुबट वास आला, तर तेवढाच तुकडा काढून बाकी वापरू नये. सगळी बरणी टाकावी.

वापर अगदी सोपा. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची. पाणी फेकायचे नाही, त्यात चव उतरलेली असते. तळाशी बारीक कचरा बसतो तेवढा सोडून वरचे पाणी गाळून रश्शात घालायचे. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात वाळलेली धिंगरी ताजीपेक्षा जास्त रुचकर लागते, हे मी ठामपणे सांगते. श्रावणात मटण बंद असते तेव्हा आमच्या गावात या रश्श्याला मागणी येते. चुरा झालेला माल मिक्सरमधून काढून पूड करतो. पिठल्यात, आमटीत, थालीपिठाच्या भाजणीत चमचा-दोन चमचे. वाळलेल्या धिंगरीत वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा प्रथिने असतात, त्यामुळे अंगणवाडीतल्या पोरांच्या आयांना मी ही पूड आवर्जून सांगते. फक्त पूड कच्ची खाऊ नये, शिजवलेल्या पदार्थातच घालावी.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगायची आहे. हे सगळे पिशवीत वाढवलेल्या, ओळखीच्या अळंबीबद्दल आहे. पावसाळ्यात वारुळावर, बांधावर, झाडाबुडी उगवलेली रानअळंबी आमच्याकडेही खातात. ज्यांची उभी हयात रानात गेली त्यांची नजर वेगळी, ती आपल्याला नाही. वाळवल्याने किंवा शिजवल्याने विषारी अळंबीचे विष जात नाही. सर्वांत घातक विषाचा गुणच असा, की उलट्या-जुलाब सुरू व्हायला सहा तासांहून अधिक वेळ लागतो, मध्ये माणसाला बरे वाटते आणि तोवर यकृताला इजा झालेली असते. लसूण काळा पडतो का, चांदी काळवंडते का, किडे खातात का, या परीक्षांवर विसंबू नये. त्यांना काहीही आधार नाही. आणि वाळलेली रानअळंबी कोणाकडून विकत तर मुळीच घेऊ नये. ओल्या अळंबीची टोपी, देठ, बुडखा निदान बघता येतो, वाळल्यावर ओळखायची खूणच उरत नाही. कोणाला शंका आली तर उलटीची वाट न बघता उरलेली अळंबी सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

ड्रायर निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. रोज वीस-पंचवीस किलो माल निघत असेल, बाराही महिने पुरवठा करायचा असेल, दुकानदाराला एकसारखा रंग हवा असेल, तर यंत्र घ्यावेच. त्यासाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत कर्जाला जोडून 35 टक्के अनुदान ठेवलेले होते, ते सध्या चालू आहे का याची गटांनी चौकशी करावी. विक्री करायची तर अन्नसुरक्षेची नोंदणीही काढावी लागते, मग माल उन्हात वाळवलेला असो की यंत्रात. पण ही पायरी दुसरी. पहिल्या हंगामात पाच-दहा पिशव्या भरणाऱ्या बाईला यंत्राची किंमत दाखवणे म्हणजे तिला दारातूनच परत पाठवणे. प्रशिक्षणांतही हेच होते. लागवडीवर दोन दिवस बोलतात आणि वाळवणीची वेळ आली की यंत्राचे माहितीपत्रक हातात देतात. त्याऐवजी गच्चीवर एक बाज टाकून अर्धा दिवस प्रत्यक्ष वाळवून दाखवले तर बायका ते जन्मभर विसरणार नाहीत.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबीवर संशोधन चालते, सोलनला तर देशाचे अळंबी संशोधन संचालनालयच आहे. तिथल्या तज्ज्ञांना विचारून आपल्या पुरवणीने घरगुती वाळवणीवर एक पूर्ण पान द्यावे, अशी माझी विनंती आहे. त्यात कोकणातल्या, विदर्भातल्या बायकांच्याही रीती याव्यात, कारण तिकडची हवा वेगळी आणि युक्त्याही वेगळ्या असणार. पान दिवाळीच्या आत छापावे. पौषात छापले तर आमच्या भागाला त्याचा उपयोग नाही, तोवर पेंढा गोठ्यात गेलेला असतो किंवा तबेलेवाल्यांनी उचललेला असतो.

आपली विश्वासू,
बचत गटातील एक अळंबी उत्पादक,
ता. भोर, जि. पुणे